कट म्हटल्यावर

"ह्या गुंडांच्या कपड्यांना इस्त्री कुणी केली?" असं कटबाई ओरडली, तेव्हा मी मोठ्या अभिमानानं हात वर केला.

मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. आदल्या दिवशी पिक्चरवाल्यांची एक पोरगी चार शर्ट आणि तीन पँटी माझ्या इस्त्रीच्या टपरीवर ठेवून गेली होती. कपडे कसले ते! मळके, चुरगळलेले, एकाच्या कॉलरला चक्क ग्रीस. माझे हात शिवशिवले. मी ते भिजवले, घासले, वाळवले आणि एकेका पँटीला अशी घडी काढली की नवरदेवानं घालून मिरवावं. नंतर कळलं, ते कपडे मळवायला त्या पोरीला दोन दिवस लागले होते. तिनं ते दगडावर आपटले होते, चहात बुडवले होते, ग्रीस तर बोटानं मोजून लावलं होतं. तिची दोन दिवसांची मेहनत मी एका सकाळीत स्वच्छ धुऊन टाकली. माझी पिक्चरमधली कारकीर्द सुरू झाली ती अशी.

कटबाई म्हणजे पिक्चरची दिग्दर्शक. तिशीची, हडकुळी, केस विंचरायला वेळ नसलेली. दिवसातून शंभर वेळा "कट" म्हणायची, म्हणून वस्तीनं पहिल्याच दिवशी तिचं बारसं उरकलं. तोंडावर मात्र सगळे तिला मॅडम म्हणायचे. तिला गुन्हेगारीचा पिक्चर काढायचा होता, तोही खऱ्या वस्तीत, खरी माणसं घेऊन. "मला नट नकोत, माणसं हवीत," असं ती आमच्या गल्लीत उभी राहून म्हणाली. आमच्या गल्लीत नट एकही नव्हता, त्यामुळे तिची सोयच झाली.

नळ दुरुस्त करणारा आमचा नळवाला साडेसहा फुटांचा, जबडा दगडी, त्याला तिनं खुनी केलं. दूधवाल्याला इन्स्पेक्टर केलं. आणि मला केलं टोळीची म्होरकी. का, तर ती आली तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला त्याची बाही माझ्याकडे येण्याआधीच जळलेली होती हे समजावून सांगत होते. माझं समजावणं ऐकून गल्लीतली दोन कुत्री उठून गेली होती, असं म्हणतात. कटबाई मात्र हरखून गेली. "मावशी, हा आवाज मला हवाय," म्हणाली. पन्नाशी उलटल्यावर माझ्या आवाजाचं कुणी पहिल्यांदा कौतुक केलं.

पहिला आठवडा नुसता गोंधळ. पहिला खून सायकल दुरुस्तीवाल्याचा होता. नळवाल्यानं त्याला भोसकायचं, तो भर गल्लीत पडणार, आणि भीतीनं सगळी गल्ली आपापली दारं धाडधाड लावून घेणार, असं लिहिलेलं होतं. नळवाल्यानं रबरी सुरा खुपसला, सायकलवाला पडला, आणि सगळी दारं उघडली. कुणी पाणी घेऊन आलं, कुणी पुठ्ठ्यानं वारा घालायला लागलं. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, न्हावी आहेत. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलानं मेलेल्याचं तोंड पुसून दिलं. "कट!" कटबाई ओरडली. "अहो, तो मेलाय! तुम्ही घाबरलायत! दारं लावा!" लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या वेळेस दारं लागली, पण सायकलवाला पडल्याबरोबर परत उघडली. आमच्याकडे माणूस पडला की दार उघडतं, लावायचं कसं ते कुणाला येतच नव्हतं. सातव्या टेकला कटबाईनं हात टेकले आणि सगळ्या दारांना बाहेरून कड्या घातल्या. तेव्हा कुठं सायकलवाला नीट मेला.

दूधवाल्याची तर वेगळीच तऱ्हा. त्यानं पोलिसाचा गणवेश चढवला आणि तासाभरात तीन जण त्याच्याकडे गटाराची तक्रार घेऊन आले. ते त्याला जन्मापासून ओळखत होते. तरीही आले. आणि त्यानंही त्या लिहून घेतल्या.

नळवाल्याला दिसेल त्याची माफी मागायची सवय. थोबाडीत मारायचा आणि लगेच खाली वाकून विचारायचा, "लागलं का हो?" कटबाई डोकं धरून बसायची. मी मात्र हसून हसून बेजार व्हायचे. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. सकाळी टपरीवर पाच-सहा शर्ट उरकायचे, दुपारी दोघा-तिघांना धमकवायचं. बाईच्या जातीला हा दिनक्रम सगळ्यांनाच मिळायला हवा.

आणि मग कटबाईनं साक्षीदार निवडली.

पिक्चरमध्ये एक शिंपीण असते. ती खून बघते आणि पोलिसांना सांगते. म्होरकीच्या विरोधात उभी राहणारी गल्लीतली ती एकटीच. ह्या कामासाठी कटबाईनं माझ्या समोरच्या दारातली शिंपीण निवडली. "तुमच्या दोघींच्या नजरेत काहीतरी आहे," ती मला म्हणाली. "एकमेकींकडे न बघताही तुम्ही एकमेकींकडे बघत असता. असं शिकवून येत नाही."

शिकवून नाहीच आलं ते. ती माझी सख्खी धाकटी बहीण. आमचा अकरा वर्षांचा अबोला. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण कटबाईला कुणी सांगितलं नाही. विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही, असं गल्लीचं म्हणणं. मला विचाराल तर सगळ्यांना तमाशा बघायचा होता.

आमचा अबोला साधासुधा नव्हता. तो आम्ही निगुतीनं सांभाळलेला होता. एकमेकींवाचून करमत नाही म्हणून लग्नानंतर समोरासमोर खोल्या घेतल्या, आणि त्याच दारांत बसून अकरा वर्षं एकमेकींचं तोंड बघितलं नाही. मधे अंतर चार पावलांचं. अगदीच काही सांगायचं झालं तर आमच्या ह्यांच्यामार्फत. "भाऊजी, यांना म्हणावं, कोळशाचा धूर माझ्या कापडावर येतोय." मग हे चार पावलं चालून माझ्याकडे यायचे आणि मी शब्द न् शब्द ऐकलेला असताना मला तेच सांगायचे. मी म्हणायचे, "तिला सांगा, धूर वाऱ्यावर जातो, माझ्या हुकमावर नाही." हे परत चार पावलं जायचे. हे घरी नसले तर ती शिलाई मशीनशी बोलायची आणि मी इस्त्रीशी. गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती.

कारण सांगते. लपवण्यासारखं असलं तरी सांगते. आमची आई माझ्याकडे होती. ती आजारी पडली, नऊ दिवस इस्पितळात होती. धाकटी तेव्हा काही दिवसांसाठी सासरच्या गावी गेलेली, मोटारीनं सहा तासांवर. मी तिला कळवलं नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी आई गेली, तेव्हा कुठं निरोप धाडला. धाकटी पोचली तेव्हा सगळं उरकून आम्ही घरी आलो होतो. तिनं दारातूनच विचारलं, "मला का नाही कळवलंस?" मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले होते, बरी होईल." ती म्हणाली, "खोटं." ते तिचं शेवटचं बोलणं. डॉक्टर तसं म्हणाले होते, हे खरंच होतं. पण सगळं खरं नव्हतं, आणि ते तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. लहानपणापासून तिला माझा चेहरा वाचता येतो.

तर अशा आम्हा दोघींना कटबाईनं पहिल्या तालमीला समोरासमोर उभं केलं. मी तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, एवढाच प्रसंग. मी चार पावलं टाकली. ह्या चार पावलांना अकरा वर्षं लागली होती. सगळी गल्ली श्वास रोखून उभी. आमचे हे साबणाचा ब्रश हातात घेऊन, दुकानात गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून बघायला आलेले.

धाकटीनं मान वर केली, सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "माझ्या दारात उभं राहायचं नाही. मी तुला घाबरत नाही."

वाक्य कटबाईनं लिहिलेलं होतं. आवाज धाकटीचा होता. किती दिवसांनी तो माझ्यासाठी, माझ्याकडे तोंड करून निघाला होता! माझा संवाद मी साफ विसरले. नुसती बघत राहिले.

"वा!" कटबाई कुजबुजली. "मावशी, ही शांतता! हीच ठेवा!"

मी ठेवली. दुसरं काही जमण्यासारखं नव्हतंच.

"कट!"

कट म्हटल्याबरोबर धाकटीनं तोंड मिटलं, माझ्यावरून नजर काढली आणि शेजारी उभ्या ह्यांच्याकडे वळली. "भाऊजी, यांना म्हणावं, माझ्या पायावर पाय दिलाय."

दिला होता खरा. मी पाय काढला. हे मला म्हणाले, "अगं, तिच्या पायावर पाय..." मी म्हटलं, "ऐकलं मी."

त्या दिवशी मी तीन शर्टांच्या बाह्या जाळल्या, त्यातली एक तर खरोखरच माझ्याकडे आल्यावर जळली. माझं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. मला एकच हवं होतं. कट म्हटल्यानंतर तिनं एक शब्द बोलावा. माझ्याशी, स्वतःचा, कुणी न लिहिलेला. शिवी असली तरी चालेल. पिक्चरमध्ये आमचे एकत्र असे तीनच प्रसंग होते. दारातला एक, तिला धमकावण्याचा दुसरा, आणि तिसऱ्यात मी तिला गोळी घालणार होते. त्यानंतर पिक्चरवाले सामान बांधून जाणार आणि आम्ही पुन्हा मशीन आणि इस्त्रीशी बोलत बसणार.

धमकावण्याचा प्रसंग तिच्या खोलीतच घेतला. खोली आठ बाय दहा, त्यात मशीन, कापडाचे गठ्ठे, कॅमेरा, कॅमेरावाला, आणि लांब काठीला माइक बांधून पलंगावर उभा राहिलेला काठीवाला. मी आणि नळवाला आत जायचं. नळवाल्यानं तिचा दंड पिरगाळायचा, मी म्हणायचं, "पोलिसांना काय सांगितलंस?" तिनं म्हणायचं, "जे पाहिलं ते." संपलं.

पहिल्या टेकला नळवाला दंड धरून म्हणाला, "लागलं का हो?" दुसऱ्याला बोलला नाही, पण हळूच फुंकर घातली. तिसऱ्याला कटबाईनं त्याच्या तोंडात काडी दिली, म्हणजे बोलता येणार नाही. मग गाडी पुढे सरकली.

"पोलिसांना काय सांगितलंस?"

"जे पाहिलं ते," धाकटी म्हणाली, आणि थांबली नाही. "तुला काय वाटतं, सगळी गल्ली तुझ्या एकटीच्या मालकीची? कुणाला काय कळवायचं, कुणाला नाही, हे तूच ठरवणार?"

हे लिहिलेलं नव्हतं. मी कटबाईकडे बघितलं. ती दोन्ही हातांनी खुणा करत होती, चालू द्या, चालू द्या!

"हो, मी ठरवणार," मी म्हटलं. "घरात मी होते. करत मी होते. तू कुठं होतीस?"

"मी होते तिथं माणूस पाठवता येत होता!"

"सगळं तुलाच सोपं दिसतं. इकडे माझ्या नाकी नऊ आले होते."

"मग हाक मारायची होतीस! धावत आले असते मी!"

नळवाला तिचा दंड सोडून केव्हाच कोपऱ्यात जाऊन बसला होता. काडी तोंडातच. आम्ही तीन-चार मिनिटं अशा भांडलो, आणि मी सांगते, प्रत्येक वाक्याला माझ्या अंगात वारं भरत होतं. तिचे डोळे पेटले होते, गाल लाल झाले होते, लहानपणी माझी फणी घेऊन पळताना व्हायचे तसे. ती म्हणाली, "आणि वर तोंड करून खोटं—"

"कट! कट! अप्रतिम!"

धाकटी तिथल्या तिथे थांबली. पुढचा शब्द तिच्या ओठांवर आलेला मी पाहिला. तो तिनं परत गिळला, पदर सारखा करावा तसा चेहरा सारखा केला आणि मशीनवरचं कापड उचलून दोरा ओवायला लागली. कटबाई नाचत होती. "हे कुठून सुचलं तुम्हाला? पात्राचा असा भूतकाळ! मी तर विचारही केला नव्हता!" दाराबाहेर गल्लीतल्या बायका डोळे पुसत होत्या. आमचे हे तर नाक शिंकरत होते. मी बाहेर पडले आणि माझ्या टपरीच्या मागं जाऊन मनसोक्त चिडले. त्या एका कटवर मी इतकी चिडले होते की कटबाईला तिथल्या तिथं बडवली असती.

मग आला शेवटचा दिवस.

पाण्याच्या टाकीमागं मोकळी जागा आहे, तिथं. दुपार कलल्यावर ऊन पिवळं होतं, तेवढाच उजेड कटबाईला हवा होता. नळवाल्याला खून जमत नाही म्हणून म्होरकी स्वतःच पिस्तूल घेते, असं तिनं नवीन लिहिलं होतं. ते अगदी खरं वाटण्यासारखं होतं. प्रसंग सोपा. साक्षीदार भिंतीला पाठ लावून उभी. मी विचारायचं, "शेवटचं काही सांगायचंय?" तिनं नुसती मान हलवायची, नाही म्हणून. मी गोळी घालायची. ती पडणार. मी पाठ फिरवून निघून जाणार. पिक्चर संपला.

गल्लीतली सगळी माणसं टाकीच्या कठड्यावर ओळीनं बसली होती. पिस्तूल लाकडी, रंगवलेलं. रक्त साखरेच्या पाकाचं.

पहिल्या टेकला मी संवाद विसरले. खरोखर विसरले. दुसऱ्याला मला जाणवलं की विसरल्यावर पुन्हा करायला लागतं. पुन्हा करायला लागतं म्हणजे ती पुन्हा भिंतीशी उभी राहणार, पुन्हा माझ्याकडे बघणार. मग मी शिंकले. तिसऱ्याला पिस्तूल उलटं धरलं. चौथ्याला कटबाई म्हणाली, "मावशी, तुम्ही ते इस्त्रीसारखं धरलंय," आणि मी म्हटलं, "मॅडम, हातालाच सवय आहे." पाचव्याला मला ठसका लागला. कठड्यावरचे लोक प्रत्येक चुकीला टाळ्या वाजवत होते. कॅमेरावाला माझ्याकडे संशयानं बघायला लागला होता. लाज वाटायला हवी होती, पण मला भलताच चेव चढला होता. जोवर टेक बरोबर होत नाही तोवर माझी बहीण मरत नाही, एवढा साधा हिशेब होता.

सहाव्याला मात्र माझ्याकडून काहीच चुकलं नाही. कटबाईनं माझे खांदे धरून इतकं कळकळीनं सांगितलं होतं की मला तिची दया आली. मी विचारलं, तिनं मान हलवली, मी घोडा ओढला, ती पडली. मी पाठ फिरवली. आणि मागून खुदकन हसू आलं.

"कट! मेलेल्या माणसानं हसायचं नाही!"

सातव्याला ती पडली आणि दोन क्षणांत उठून बसली. पाकाच्या रक्ताला मुंग्या लागल्या म्हणाली. आठव्याला गोळी झाडायच्या आधीच पडली. कठड्यावर हलकल्लोळ. आमचे हे पोट धरून आडवे झाले होते.

मी हसता हसता थांबले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही माझी धाकटी. अंधारात सुईत दोरा ओवणारी. गेले तीन आठवडे सगळ्यांचे संवाद तिला पाठ, दूधवाल्याला मागून सांगणारीही तीच. हिच्या हातून एक टाका वाकडा पडलेला मी पाहिलेला नाही. ती आणि पडायची वेळ चुकणार? मुंगी तर मला एकही दिसली नव्हती. तीही मुद्दाम करत होती. तिलाही मरायचं नव्हतं. मला एवढा आनंद झाला की मी लाकडी पिस्तुलानं स्वतःच्याच कपाळावर टकटक केलं. नळवाल्यानं काळजीनं विचारलं, "वहिनी, बरं वाटतंय ना?"

कटबाई मात्र रडायच्या बेतात आली होती. तिनं आभाळाकडे बोट केलं. "सूर्य गेला की गेला. हा शेवटचा टेक. नाही जमला तर प्रसंग नाही, उद्या आम्ही निघालो." तिच्या आवाजात असं काही होतं की कठडा चिडीचूप झाला.

धाकटी भिंतीशी जाऊन उभी राहिली. अंगावर पिवळं ऊन. ह्या वेळेस ती हसत नव्हती. मी पिस्तूल उचललं.

"शेवटचं काही सांगायचंय?"

तिनं मान हलवली नाही.

"सांगायचं काही नाही," ती म्हणाली. "विचारायचंय."

काठीवाल्यानं माइक हळूच तिच्या डोक्यावर नेला.

"आईनं माझं नाव घेतलं होतं का?"

डॉक्टर म्हणाले होते, हे शब्द माझ्या जिभेवर आले. इतकी वर्षं तिथंच बसलेले होते ते. मी ते गिळले.

"घेतलं," मी म्हणाले. "रोज घेत होती. शेवटच्या दिवशी तीनदा घेतलं. तिला बोलाव म्हणाली. मी म्हटलं, उद्या बोलावते."

"उद्या का?"

"कारण तू आलीस की ती तुझ्याकडेच बघायची. नेहमीच. तू आलीस की मी म्हणजे पाणी आणून देणारी. ते नऊ दिवस ती माझी एकटीची होती. माझा हात धरून झोपायची. मला वाटलं, अजून एक दिवस. एकच. मग बोलावू. ती तेवढ्यात जाईल, असं नव्हतं वाटलं गं मला."

पिस्तूल कधी खाली गेलं, कळलं नाही. माझ्या तोंडावरून पाणी वाहत होतं आणि कॅमेरा चालू आहे ह्याचंही भान राहिलं नव्हतं. सूर्याची कड बुडाली. कटबाई तोंडावर हात ठेवून उभी होती. मग ती विचारल्यासारखी, अगदी हळू म्हणाली, "कट."

मी डोळे मिटून घेतले. ह्या शब्दानंतर काय होतं ते मला पाठ झालं होतं. आता ती तोंड मिटणार. आता आमच्या ह्यांच्याकडे वळणार. भाऊजी, यांना म्हणावं.

"तीनदा?"

मी डोळे उघडले.

"तीनदा घेतलं माझं नाव?" ती भिंत सोडून पुढं आली होती.

"कट झालं," कटबाई म्हणाली. तिला वाटलं, धाकटीला ऐकू गेलं नाही. "कॅमेरा बंद आहे, तुम्ही आता—"

"कट काय कट!" धाकटी तिच्यावर उसळली. "तुमचं झालं असेल, माझं आत्ता सुरू होतंय. मधे बोलायचं नाही!" मग माझ्याकडे वळली. "ताई, अगं, मला वाटत होतं तिला माझी आठवणच आली नाही. आली असती तर कुणीतरी कळवलंच असतं, असं वाटायचं मला. तुझ्यावर नव्हते गं मी रागावले एवढी! तिच्यावर रागावले होते! मेलेल्या आईवर अकरा वर्षं! आणि तुला माहीत होतं! चार पावलांवर बसून तुला माहीत होतं!"

तिनं माझ्या खांद्यावर एक बुक्की मारली. मग दुसरी मारली. मग माझी मान दोन्ही हातांनी आवळून धरली आणि मोठमोठ्यानं रडली, तिच्या अंगावरचा सगळा पाक माझ्या कपड्यांना चिकटला. ताई म्हणाली ती. मला ताई म्हणणारं जगात दुसरं कुणी नाही. मी रडत होते आणि हसत होते आणि दोन्ही थांबत नव्हतं. मागं नळवाला हुंदके देत होता. कॅमेरावाला सामान आवरायचं सोडून उभा होता, आणि कटबाई कुणाला तरी विचारत होती, "म्हणजे ह्या दोघी खरंच बहिणी?"

रडून झाल्यावर धाकटीनं तोंड पुसलं आणि भांडायला लागली. टाकीपासून घरापर्यंत भांडली. आधी आईचं. मग धुराचं. मग माझा आवाज सकाळी किती कर्कश लागतो त्याचं. मग सात वर्षांपूर्वी तिला ताप होता तेव्हा मी ह्यांच्या हाती औषध पाठवलं, स्वतः का आले नाही, त्याचं. मी म्हटलं, तू दार लावून घेतलं असतंस. ती म्हणाली, लावलं असतं, तरी यायचं होतंस! आमच्या मागून सगळी गल्ली चालत होती, पिक्चरवाल्यांसकट, आणि तिला त्याचं काही नव्हतं.

गल्लीत आलो. डावीकडे तिचं दार, उजवीकडे माझं. ती बोलता बोलता माझ्या दारातून आत शिरली, पलंगावर बसली आणि म्हणाली की हा पलंग आईच्या वेळेस खिडकीशी होता, इकडे कुणी आणला, काही अक्कल आहे का. मी तिला पाणी दिलं. ती घोटभर प्यायली आणि परत सुरू झाली.